डोंगराचा आराखडा आणि मेंढ्यांची वहिवाट

व्यवस्थापन आराखडा ही काही हौसेने वाचायची चीज नव्हे. उद्दिष्टे, धोरणे, निर्देशांक, नकाशे आणि दर चार पानांमागे एखादे रम्य छायाचित्र असा त्याचा साचा ठरलेला असतो. वाचून झाल्यावरही, ज्या मुलखाविषयी तो लिहिला आहे तेथे सकाळी उठून कोण कोणते काम करतो, हे बहुधा कळत नाही. तरीही इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशाच्या आराखड्याकडे आम्ही वळलो, याला कारणे आहेत. असा आराखडा करणे तेथे १९७०च्या दशकापासून कायद्याने बंधनकारक आहे आणि दर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासावा लागतो. म्हणजे तपासणीचा अर्ध्या शतकाचा अनुभव त्या मुलखाच्या गाठीशी आहे. शिवाय, माणसे राहतात, नांगरतात, गुरे चारतात असा प्रदेश 'राखायचा' म्हणजे नेमके काय राखायचे, हा प्रश्न तेथे दोनशे वर्षे विचारला जात आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसांना तो परका वाटू नये.

प्रथम एक शब्द बाजूला काढून ठेवू. लेक डिस्ट्रिक्ट हे १९५१ सालापासून 'राष्ट्रीय उद्यान' आहे. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की माणसाने बाहेर पडायचे आणि गुरांनी आत यायचे नाही, असा अर्थ होतो. चांदोलीच्या जंगलातून उठवलेल्या गावांना तो चांगला ठाऊक आहे. इंग्लंडमधले हे उद्यान सुमारे २,३६२ चौरस किलोमीटरांचे असून त्यात जवळपास ४०,००० माणसे राहतात. बहुतेक जमीन खासगी मालकीची किंवा न्यासांच्या ताब्यातली आहे. ज्या प्राधिकरणाकडे उद्यानाचा कारभार आहे त्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन अगदी थोडी. म्हणजे तेथील आराखडा हा मालकाचा हुकूम नसतो. दुसऱ्यांच्या जमिनीविषयी, दुसऱ्यांच्या कष्टांविषयी केलेले ते एक मनोगत असते. त्याची ताकद आणि त्याची पंचाईत, दोन्ही येथेच आहेत.

हा मुलूख दिसतो कसा? मधोमध उघडे, गवताळ डोंगर, त्यांच्या पायाशी लांबट सरोवरे, आणि दरीतून निघून सरळ चढणीवर गेलेल्या, चुन्याचा थेंबही न वापरता रचलेल्या दगडी भिंती. कोकणी माणूस त्यांना बेलाशक गडगे म्हणेल. पाहुण्याला हे सारे नैसर्गिक वाटते. वस्तुतः या उतारांवर एके काळी रान होते. ते माणसाने तोडले आणि शतकानुशतकांच्या चराईने ते परत उगवू दिले नाही. डोंगराचे उघडेपण ही मेंढीची करणी आहे. चित्रकारांनी जे रंगवले आणि कवींनी जे गायिले, ते मेंढपाळाच्या व्यवहाराचे उपउत्पादन होते.

हे प्रथम ज्याला उमगले तो वर्ड्‌स्वर्थ. त्याने या प्रदेशावर लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक १८१० साली दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून, तेही निनावी, प्रसिद्ध झाले; १८३५ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. हा प्रदेश म्हणजे एका अर्थी राष्ट्राची मालमत्ता आहे आणि ज्याला पाहण्याची नजर व आनंद घेण्याचे मन आहे अशा प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे, हा त्याचा विचार पुढच्या साऱ्या संरक्षणकायद्यांचा मूळपुरुष मानला जातो. परंतु त्याच पुस्तकात छोट्या जमीनधारक मेंढपाळांच्या समाजाचे जे वर्णन आहे, तिकडे लोकांचे लक्ष कमी जाते. घरे डोंगरातून उगवल्यासारखी का दिसतात, तर ती बांधणाऱ्याला डोंगरातलाच दगड परवडत होता, अशा धाटणीचा तो विचार आहे. नव्याने आलेल्या श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र घरांवर आणि रांगेत लावलेल्या लार्चच्या झाडांवर त्याने घेतलेले आक्षेप वाचले, तर हा पहिला 'आराखडा' होता असेच म्हणावे लागते. मात्र वर्ड्‌स्वर्थमधली एक गाठ त्यालाही सुटली नाही. १८४४ साली विंडरमिअरकडे येऊ घातलेल्या रेल्वेला त्याने कडाडून विरोध केला, आणि त्या विरोधात गिरण्यांतल्या मजुरांचे लोंढे नकोत, हा सूर लपत नाही. प्रत्येकाचा हक्क मान्य, पण प्रत्येकाने यावे हे मान्य नाही! रेल्वे १८४७ मध्ये आलीच. ही गाठ आजच्या आराखड्यांतही, सभ्य भाषेत, तशीच बसलेली आहे.

पुढचा मोठा झगडा पाण्याचा. मँचेस्टर शहराला थर्लमिअर सरोवराचे पाणी हवे होते. १८७७ साली त्याविरुद्ध संरक्षणसमिती उभी राहिली, संसदेत साक्षी झाल्या, १८७९ साली शहराच्या बाजूने कायदा झाला आणि १८९४ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटरांवर मँचेस्टरला पाणी पोहोचले. सरोवर धरण बांधून फुगवले गेले आणि काठची वस्ती पाण्याखाली गेली. लढा हरला, पण त्यातून तयार झालेली माणसे पुढे टिकली. केझिकजवळचा पाद्री हार्डविक रॉन्स्ली, वकील रॉबर्ट हंटर आणि ऑक्टेविया हिल यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. आज लेक डिस्ट्रिक्टचा सुमारे पंचमांशाहून अधिक भाग या संस्थेकडे आहे.

येथे तारखांकडे जरा पाहिले पाहिजे. थर्लमिअरचा कायदा १८७९चा. आपल्याकडचा भारतीय वन कायदा १८७८चा. ज्या वर्षांत इंग्लंडमधील सुशिक्षित वर्ग आपल्या एका दरीसाठी संसदेत साक्षी देत होता, त्याच वर्षांत त्याच साम्राज्याचे वनखाते कोकणातल्या व घाटमाथ्यावरच्या डोंगरांभोवती राखीव जंगलाच्या हद्दी आखत होते. कुमरी शेती हा त्यांच्या लेखी नाश, गुरे चारणे ही मेहेरबानी आणि सरपण तोडणे हा गुन्हा. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा या नव्या खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने कशी गिळली, हे शेतकऱ्याच्या दारिद्र्याच्या कारणांत आवर्जून घातले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. फुल्यांच्या लेखनाला 'निसर्गलेखन' म्हणण्याची पद्धत नाही. आमच्या मते राखलेल्या डोंगराची झळ ज्याला लागते त्याच्या बाजूने मराठीत लिहिली गेलेली ती पहिली समर्थ तक्रार आहे. वर्ड्‌स्वर्थचा ग्रंथ आणि हा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एकाच सत्तेखालचे दोन डोंगर: एकावरचा मेंढपाळ सौंदर्याचा कर्ता ठरतो, दुसऱ्यावरचा चराऊ माणूस अतिक्रमक.

परंतु इंग्लंडमध्येही मेंढपाळ हा कर्ता आहे, हे कागदावर यायला बराच काळ गेला. १९३०च्या दशकात तेथील वनखात्याने मध्यवर्ती डोंगरांच्या कडेला सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीसाठी जमीन घेतली, आणि त्यावर मोठा गहजब झाला. १९३६ साली, मधल्या सुमारे ३०० चौरस मैलांत लागवड करायची नाही, असा समझोता झाला. झाडे लावण्याविरुद्ध निसर्गप्रेमींनी आंदोलन करावे, हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या भांडणातच 'राखायचे ते काय' याचे उत्तर बोलून दाखवावे लागले: राखायचा तो उघडा, चरलेला डोंगर. महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, जॉन डॉवर या वास्तुविशारदाने राष्ट्रीय उद्यानांविषयीचा अहवाल दिला. त्याच्या व्याख्येत सौंदर्याचे जतन, लोकांना खुला प्रवेश आणि वन्यजीव व वास्तूंचे रक्षण यांच्या जोडीला चौथी गोष्ट होती, ती म्हणजे रूढ शेती प्रभावीपणे चालू ठेवणे. डॉवर क्षयाने आजारी होता आणि १९४७ मध्ये तो वारला; १९४९चा कायदा पाहायला तो उरला नाही. त्या कायद्याच्या मुख्य हेतूंत सौंदर्य आणि आनंद हे दोनच राहिले. शेतीची 'गरज लक्षात घ्यावी' एवढेच तिच्या वाट्याला आले. आराखड्यांचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या वगळलेल्या चौथ्या कलमाने मागच्या दाराने आत येण्याचा केलेला प्रयत्न आहे, असे म्हणायला हरकत नाही.

१९७२च्या स्थानिक शासन कायद्याने आराखडा आणि त्याची पंचवार्षिक तपासणी आणली. १९७४ साली सँडफर्ड समितीने सांगितले की जतन व आनंद यांत टक्कर झालीच तर जतनाला अग्रमान द्यावा. १९९५च्या कायद्याने हे तत्त्व पक्के केले आणि स्थानिक लोकांच्या आर्थिक व सामाजिक हिताची काळजी हे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. कर्तव्य, हेतू नव्हे. कायद्याच्या भाषेत या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर असते. सँडफर्डच्या तत्त्वाचा कस लागला तो विंडरमिअर सरोवरावर. वेगवान मोटारनौकांवर ताशी दहा सागरी मैलांची मर्यादा घालण्यावरून १९९०चे दशकभर वाद चालला. २००० साली मर्यादेला मंजुरी मिळाली आणि २००५ मध्ये ती प्रत्यक्षात आली. हा आराखड्याच्या यशाचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि तो आहेही. नौकेचा वेग ही मोजता येणारी, बंदी घालता येणारी गोष्ट आहे. जे थांबवायचे आहे ते आराखडा थांबवू शकतो. जे चालू राहायला हवे आहे त्याचे काय, या प्रश्नापाशी त्याची गाडी अडते.

हा प्रश्न २००१च्या वसंतात उघडा पडला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. देशभरातल्या सुमारे २,००० प्रादुर्भावांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या कंब्रिया परगण्यात होते, आणि लेक डिस्ट्रिक्ट याच परगण्यात येते. साथ रोखण्यासाठी देशात साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. येथील खास हर्डविक जातीच्या मेंढ्यांपैकी अनेक तरुण मेंढ्या हिवाळ्यासाठी खालच्या सपाट प्रदेशात पाठवलेल्या होत्या, त्या तिथेच मारल्या गेल्या. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले की मेंढी गेली तर दुसरी विकत आणता येते, हे या डोंगरावर खरे नाही.

कारण येथील डोंगरमाथे सामाईक आहेत. त्यांच्यावर कुंपण नाही. एकाच उघड्या माथ्यावर पाच-सात शेतांचे कळप चरतात आणि तरीही मिसळत नाहीत, कारण प्रत्येक कळपाला आपला टापू ठाऊक असतो. मेंढी कोकराला घेऊन तेथे चरते, कोकरू तेवढीच जमीन आपली मानते, आणि पुढे तेच आपल्या कोकराला शिकवते. इंग्रजीत याला 'हेफ्ट' म्हणतात. मराठीत 'वहिवाट' हा शब्द आम्हाला नेमका वाटतो, कारण त्यात वहिवाटीने येणारा हक्कही आहे आणि पायवाटही आहे. म्हणूनच तेथे शेत खंडाने दिले तर कळपही शेताबरोबर दिला जातो, आणि खंडकरी जाताना तितकाच व तसाच कळप मागे ठेवून जातो. मेंढ्या माणसाच्या नसतात. त्या शेताच्या असतात. बीट्रिक्स पॉटर हिला जग सशांच्या गोष्टींसाठी ओळखते. १९४३ मध्ये वारताना तिने चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली, तेव्हा तिच्या डोंगरी शेतांवरचे कळप शुद्ध हर्डविकच राहावेत अशी अट घातली होती. ती हौशी म्हातारीची लहर नव्हती. ती स्वतः मेंढ्या पाळणारी होती आणि कशाशिवाय काय टिकणार नाही, हे तिला ठाऊक होते.

ज्या कुरणांवरचे कळप २००१ मध्ये गेले, तेथे नव्या मेंढ्या आणून त्यांना वहिवाट शिकवणे हे वर्षानुवर्षांचे काम होऊन बसले. तात्पुरती कुंपणे घालावी लागली, आणि मेंढपाळाला रोज चढून कळप परत आपल्या टापूत लोटावा लागला. जी गोष्ट शेकडो वर्षे फुकट, नकळत, आईकडून पिल्लाकडे जात होती तिचा खर्च पहिल्यांदाच मोजला गेला. त्याआधी कोणत्याही तक्त्यात तिच्यासाठी रकाना असण्याचे कारणच नव्हते.

याला पैशाचीही एक बाजू आहे. १९७५ पासून युरोपीय धोरणाखाली डोंगरी शेतकऱ्याला जनावरामागे अनुदान मिळू लागले. साहजिकच मेंढ्या वाढल्या, आणि डोंगरावरचे हेदर व झुडपे कुरतडली गेली. मग १९९३ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' झाले आणि मेंढ्या कमी ठेवणाऱ्याला मोबदला मिळू लागला. झाडोऱ्याला याचा लाभ झाला. पण काही मेंढपाळांनी दाखवून दिले की सामाईक माथ्यावर एका शेताने कळप काढला की त्याची जागा मोकळी राहते, शेजारच्या मेंढ्या तिच्यात शिरतात आणि सगळ्यांचीच वहिवाट सैल होते. हेक्टरी किती मेंढ्या, हा आकडा धोरणाला कळतो. कोणती मेंढी कुठली, हे त्याला कळत नाही.

'संवेदनशील क्षेत्र' हे नाव मराठी वाचकाला खटकले असेल. ब्रिटनमधील ही योजना १९८६च्या शेती कायद्यातून आली. आपल्याकडची संवेदनशील क्षेत्रे १९८६च्याच पर्यावरण संरक्षण कायद्यातून येतात: डहाणू १९९१, महाबळेश्वर-पाचगणी २००१, माथेरान २००३. वर्ष तेच आणि नावही तेच, पण तिकडे ते शेतकऱ्याशी केलेल्या ऐच्छिक करारांचे होते आणि इकडे मनाई-परवानगीच्या यादीचे झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११च्या अहवालात ग्रामसभांपर्यंत चर्चा नेण्याचा आग्रह धरला होता, पण तो अहवाल काही महिने सरकारी कपाटातच राहिला. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाचा सुमारे साठ टक्के भाग 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून वेगळा काढला आणि संरक्षण मुख्यतः उरलेल्या नैसर्गिक भागापुरते सुचवले. त्यावरच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या काळात सहा मसुदे निघाले. शेवटच्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर होते.

'सांस्कृतिक भूदृश्य' या संज्ञेचा प्रवास तर विलक्षणच आहे. जागतिक वारशासाठी लेक डिस्ट्रिक्टचा अर्ज प्रथम १९८०च्या दशकात गेला, तेव्हा तो नैसर्गिक म्हणावा की मानवनिर्मित, हेच युनेस्कोला ठरवता आले नाही. त्या अडचणीतून निघालेल्या चर्चेला १९९२ मध्ये 'सांस्कृतिक भूदृश्य' या नव्या वर्गाचे फळ आले, आणि स्वतः लेक डिस्ट्रिक्ट त्याखाली यादीत गेले ते थेट २०१७ मध्ये. जी संज्ञा माणसाचे काम संरक्षणाच्या आत घ्यावे म्हणून घडली, तीच आपल्या अहवालात माणसाला संरक्षणाच्या बाहेर काढण्याची कसोटी झाली! आणि २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळे यादीत गेली, तीही निव्वळ नैसर्गिक म्हणून. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली चार. त्यांतले कासचे पठार गुरांच्या खुरांना अपरिचित होते, असे तिथला कोणी म्हातारा म्हणणार नाही.

इंग्लंडला या बाबतीत आदर्श मानावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. २०१७च्या मान्यतेवर जॉर्ज मॉन्बियो यांच्यासारख्या लेखकाने जोरदार टीका केली. मेंढीने उजाड केलेला डोंगर म्हणजे वारसा कसा, असा त्यांचा सवाल होता आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. एनरडेलच्या दरीत २००३ पासून रान मोकळे सोडण्याचा मोठा प्रयोग चालू आहे. दुसऱ्या बाजूला घरांच्या किमती सुट्टीपुरते येणाऱ्यांनी अशा चढवल्या आहेत की मेंढपाळाच्या मुलाला आपल्याच गावात घर घेणे जमत नाही. युरोपीय संघ सोडल्यानंतर जुनी अनुदाने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाऊ लागली आणि त्यांच्या जागी आलेल्या मुख्य योजनेचे नवे अर्ज २०२५च्या मार्चमध्ये अचानक बंद झाले. यांतली एकही गोष्ट उद्यानाच्या आराखड्याच्या हातात नव्हती. २०२३च्या कायद्याने सरकारी संस्थांवर उद्यानाचे हेतू पुढे नेण्याचे बंधन अधिक कडक केले आहे. पण ज्या हेतूंना पुढे न्यायचे आहे त्यांत डॉवरचे चौथे कलम आजही नाही.

१८१७ साली या डोंगरांवरच्या एका मेंढपाळाने एक लहानसे पुस्तक छापले. त्यात प्रत्येक शेताच्या मेंढीचे चित्र होते, कानाला घेतलेली खाच आणि लोकरीवरची रंगाची खूण दाखवणारे, म्हणजे चुकलेली मेंढी ज्याची त्याला परत करता यावी. अशी पुस्तके नव्याने करण्याची प्रथा एकविसाव्या शतकातही चालू राहिली आहे. त्यांत उद्दिष्टे नाहीत, निर्देशांक नाहीत. कोणाचे शेत, कोणता माथा आणि कोणती खूण, एवढेच आहे. आणि खाडाखोड लागते ती एखादे शेत बंद पडले की.